बाजूला ओढलेली खुर्ची

माणसांनी समोरासमोर बसणे सोडले, तर जगातली निम्मी भांडणे मिटतील. हे वचन कुणा ऋषीचे नाही. कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या शेडांच्या मधोमध एका दुमजली इमारतीत आमची कचेरी आहे. तिथे ते आठवड्यातून एकदा तरी उच्चारले जाई. उच्चारणारा जागेवरून उठे, आपली चाकांची खुर्ची ओढत टेबलाला वळसा घाली आणि तुमच्या कोपराला कोपर लागेल अशी आणून लावी. मग मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर पालथे ठेवी आणि म्हणे, "आता आपण दोघे एका बाजूला. प्रश्न पलीकडे."

पलीकडे बहुतेक वेळा भिंत असे.

उरलेली निम्मी भांडणे शेजारी बसल्यामुळेच होतात, हे त्याला कुणी सांगितलेले दिसत नव्हते. ज्या जिल्ह्यात बांधाला बांध लागला म्हणून तीन-तीन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवतात, त्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला हे खरे तर सांगावे लागू नये.

तो आमच्याकडे सॉफ्टवेअर आर्किटेक्ट म्हणून आला. घर बांधण्याआधी भिंत कुठे आणि दार कुठे हे ठरवणारा जसा एक माणूस असतो, तसा सॉफ्टवेअर लिहिण्याआधी कशात काय येणार हे ठरवणारा एक असतो. फरक एवढाच की घराची भिंत चुकली तर ती डोक्याला लागते आणि लगेच कळते. त्याचा जन्म वेंगुर्ल्याजवळचा. सतरा-अठराव्या वर्षी पुण्याला गेला तो वीस वर्षांनी परतला, आणि परतल्यावर पहिल्याच दिवशी आम्हाला म्हणाला, "मी इथलाच." इथला माणूस हे वाक्य कधी उच्चारत नाही. त्याची गरज पडत नाही.

माझे काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचे. स्वभाव लहानपणापासून हाच होता. पगार मागाहून सुरू झाला. आम्ही सगळे त्याला सर म्हणत असू. इथे मी त्याला तो म्हणतो आहे. एवढा सूड पुरे.

दर शुक्रवारी दुपारी तो वर्ग घेई. विषय: सॉफ्टवेअर आर्किटेक्टसाठी वाटाघाटींचे कौशल्य. आमच्या कचेरीत आर्किटेक्ट एकच होता, आणि तो शिकवत होता. तरीही आम्ही सात जण नेमाने बसायचो, कारण एसी त्याच खोलीत होता.

त्याचे म्हणणे असे. आर्किटेक्टचे निम्मे काम नकाशे काढण्याचे आणि निम्मे काम ते लोकांच्या गळी उतरवण्याचे. ग्राहकाला सगळे हवे असते, प्रोग्रॅमरला काहीच नको असते, आणि मधल्या माणसाकडे अधिकार नसतो, फक्त जीभ असते. इथपर्यंत मला मान्य होते. पुढे तो युक्त्या सांगायचा. नाही हा शब्द कधी वापरायचा नाही. समोरच्याच्या आक्षेपाला उत्तर द्यायचे नाही; "तुझी चिंता मी नोंदवून घेतो," म्हणायचे आणि खरोखरच डायरीत लिहायचे. आपली मागणी मांडल्यावर मनात सात आकडे मोजत गप्प बसायचे, म्हणजे समोरचा अस्वस्थ होऊन कबूल होतो. आणि सोडून देण्यासाठी दोन मागण्या मुद्दाम जास्तीच्या घालायच्या.

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील. त्यांच्याशी बोलून उठल्यावर खिसा चाचपावासा वाटतो, आणि खिशात सगळे जागच्या जागी असते. गेलेली वस्तू दुसरीच असते.

एकदा तो आमच्याबरोबर कुडाळच्या आठवडी बाजारात आला. लाल माठाच्या जुडीवरून घासाघीस सुरू झाली आणि सवयीप्रमाणे तो पाटीला वळसा घालून भाजीवालीच्या शेजारी गोणपाटावर जाऊन बसला. "आता आपण एका बाजूला," म्हणाला. भाजीवालीने त्याच्याकडे नीट पाहिले. "बरा झाला," ती म्हणाली, "जरा बघ हां, मी च्या पिऊन येतंय." ती गेली. ती परत येईपर्यंत त्याने तीन जुड्या विकल्या होत्या, आणि त्याही स्वतः मागत होता त्यापेक्षा स्वस्तात. आम्ही हसलो. तोही हसला. पुढच्या शुक्रवारी त्याने हा प्रसंग वर्गात उदाहरण म्हणून घेतला. विश्वास संपादन करणे, असे त्याला शीर्षक होते.

मग मालवण किनाऱ्यावरचे काम आले.

किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सोसायटीसाठी मोबाइल ॲप करायचे होते. पैसे सरकारच्या एका खात्याचे. होडी समुद्रात निघाली की तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, मोबाइलवर नोंद करायची, परत आली की पुन्हा करायची. ठरल्या वेळेत होडी परतली नाही, तर सगळ्यांच्या फोनवर घंटा वाजणार आणि शोध सुरू होणार. हे काम माझ्या घरचेच होते म्हणा ना. माझा मावसभाऊ बाबल त्याच सोसायटीचा तांडेल आहे. त्याची लहान इंजिनाची होडी, बरोबर दोघे जण. मागे एकदा तिथली एक होडी बिघडून वाहत गेली, तेव्हा लोक दोन दिवस उत्तरेला शोधत होते आणि ती होती दक्षिणेला. तेव्हा हे ॲप कशासाठी होते, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वेळेत न आलेला माणूस नेमका कुठे शोधायचा, एवढाच त्याचा अर्थ.

त्याने काढलेल्या नकाशात निघतानाच्या नोंदीत पहिलाच प्रश्न होता: कुठे जाणार? उत्तर भरल्याशिवाय पुढचे पान उघडणार नव्हते.

मी त्याच्या टेबलाशी गेलो. "सर, हा प्रश्न काढावा लागेल. दर्यात निघालेल्या माणसाला खंय जातंस विचारत नाहीत."

"का?"

"अपशकुन असतो. विचारलं की माणूस मागे फिरतो, घरात येऊन पाणी पितो, बसतो, मग पुन्हा निघतो. काही जण त्या दिवशी निघतच नाहीत. शिवाय आपली मासे मिळण्याची जागा कोण सांगणार?"

तो मनापासून हसला. "माझी आजीपण असंच करायची. आजोबा एसटीला निघाले की ती आधी पुढे जाऊन शेजाऱ्यांना बजावून यायची, कुणी कुठे जाता विचारू नका म्हणून."

म्हणजे त्याला ठाऊक होते. न कळणाऱ्या माणसावर रागावता येत नाही. त्याला कळत होते, आणि ही गोष्ट बोलून मिटण्यासारखी आहे असे त्याला वाटत होते.

तो उठला. खुर्ची ओढत माझ्या बाजूला आला. घड्याळ काढून पालथे ठेवले. "तुझी चिंता मी नोंदवून घेतो," म्हणाला आणि डायरीत लिहिले. मग सात आकडे. मग म्हणाला, "हा मुद्दा जरा बाजूला ठेव. तुला स्वतःला काय त्रास होतो इथे, ते सांग."

मी सांगितले. मालवणहून रोज कुडाळ, रोज परत. एसटीचा भरवसा नाही, स्कूटरने गेलो तर पाठ राहत नाही.

"बुधवार आणि शुक्रवार घरून काम कर," तो म्हणाला. "मी मंजूर करून देतो."

मी हो म्हणालो. आक्षेपाचे पुढे काय, हे त्याने विचारले नाही, मीही नाही. दोन वारांच्या बदल्यात मी माझा आक्षेप विकला होता. त्याच्या वाटाघाटींच्या वर्गाचा मला झालेला एकमेव ठोस लाभ म्हणजे शुक्रवारी मला त्या वर्गाला जावे लागेना.

सोसायटीची सभा किनाऱ्यावर लिलावाच्या शेडमध्ये भरली. समोर टेबल, टेबलाच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला चाळीसेक तांडेल आणि खलाशी. अर्थातच तो उठला आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाबलच्या शेजारी जाऊन बसला. बाबलला वाटले, पाहुण्याला समुद्राकडची हवा हवी असेल. त्याने सरकून जागा दिली. तो सरकला म्हणून त्याच्या शेजारचा सरकला. बाजूला बसलेल्यांना आपण मागे राहिलो असे वाटू लागले, तेही खुर्च्या उचलून रांगेला लागले. पाच मिनिटांनी सबंध सभा एका ओळीत समुद्राकडे तोंड करून बसली होती, लग्नातल्या फोटोला बसतात तशी. समोर कुणी नव्हते. लांबवर एक कुत्रा होता.

"आता आपण सगळे एका बाजूला," तो म्हणाला.

"होय तर," बाबल म्हणाला. "पण सायबांनू, बोलूचा कोणाशी?"

त्याने मागण्या मांडल्या. निघण्याआधी प्रत्येक खलाशाचा फोटो. प्रत्येकाच्या बायकोचा फोन नंबर. आणि कुठे जाणार याची नोंद. पहिल्या दोन सोडून देण्यासाठी होत्या, हे मला माहीत होते. मग तो गप्प बसला. मनात सात आकडे.

दर्यावर अख्खी सकाळ एकमेकांशी न बोलता काढणाऱ्या माणसांपुढे गप्प बसून काय मिळणार? सात झाले. सत्तर झाले. कुणीतरी बिडी पेटवली, ती संपली. शेवटी तोच अस्वस्थ होऊन म्हणाला, "म्हणजे फोटोचं आपण सोडूनही देऊ शकतो."

मग बाबलने मागण्या मांडल्या. जेटीवर दिव्याचा खांब. मोबाइल चार्ज करायला पेटी. शेवंतीकाकीच्या टपरीवर नवे छप्पर. आणि सोसायटीच्या सगळ्या पोरांना खात्यात नोकऱ्या. शेवंतीकाकी जेटीच्या तोंडाशी बर्फ आणि चहा विकते. सत्तरीला आलेली. पहाटे निघणारी प्रत्येक होडी तिच्याकडून बर्फ घेऊनच निघते.

तासाभराने बाबलने मोठ्या मनाने नोकऱ्या सोडल्या. आमच्या आर्किटेक्टने मोठ्या मनाने फोटो आणि बायकांचे नंबर सोडले. खांब, पेटी आणि छप्पर मंजूर झाले. कुठे जाणार हा प्रश्न राहिला. बाबलने कागद न वाचता सही केली.

"तुमची काही मागणी, काकी?" त्याने जाता जाता शेवंतीकाकीला विचारले. तो तिच्या बर्फाच्या पेटीवर, तिच्याच शेजारी बसला होता.

"आसा तर," ती म्हणाली. "माज्या पेटयेर बसलंस, तो आदी ऊठ."

परतताना गाडीत तो खूश होता. दोन्ही बाजू जिंकल्या, म्हणाला. संध्याकाळी मी बाबलच्या घरी गेलो.

"तू त्या खंयच्या प्रश्नाला हो कसं म्हटलंस?"

"इचारूचा तर इचारांदेत," बाबल म्हणाला. "सांगूचा काय, ता आमी ठरवतलंव."

ॲप सुरू झाले. आठवडाभराने मी नोंदी उघडल्या. कुठे जाणार? दर्यात. दर्यात. दर्यात. एका हौशी तांडेलाने लिहिले होते, मोठ्या दर्यात. एकाने, देवाक म्हायत. बाकी सगळीकडे एकच शब्द. मी ते त्याला दाखवले. त्याने पडद्याकडे पाहिले आणि सात आकड्यांइतका थांबला. "पण सगळे भरतायत," तो म्हणाला. "एकूण एक रकाना भरलेला. वापर शंभर टक्के आहे." खात्याच्या साहेबांना त्याने तसा तक्ता पाठवला. साहेब संतुष्ट झाले. मीही पुढे बोललो नाही. बुधवार-शुक्रवार मला चांगले मानवले होते.

दसरा होऊन गेल्यावर एका सकाळी वारा फिरला. बाबल पहाटे गेला होता. परतण्याची वेळ त्याने अकरा लिहिली होती. अडीच तासांची सवलत संपून दीडला घंटा वाजली. ॲप ठरल्याप्रमाणे चालले, हे मला परीक्षक म्हणून नमूद केले पाहिजे. माझा फोन वाजला, सोसायटीतले सगळे फोन वाजले, कुडाळला त्याचा वाजला, खात्याच्या साहेबांचाही वाजला. बुधवार होता. म्हणून मी मालवणात होतो.

मी जेटीवर पोचलो, तेव्हा बाबलची बायको खांबाला टेकून उभी होती. तोच नवा दिव्याचा खांब. समुद्र पांढरा झाला होता. तिने माझ्या हातातल्या फोनकडे पाहिले.

"काय लिवल्यानी रे?"

मी सांगितले. "दर्यात."

तिने मान हलवली. जणू पत्ता मिळाला.

खात्याच्या साहेबांचा फोन आला. "लोकेशन दर्यात असं दिसतंय," ते गंभीरपणे म्हणाले. "जरा नेमकं करता येईल का?"

तासाभरात तोही कुडाळहून आला. गाडीतून उतरला तो लॅपटॉप छातीशी धरून. तांडेलांचा घोळका त्याच्याकडे पाहत होता. एक जण म्हणाला, "खुर्ची हाडूची काय सायबाक?" कुणी हसले नाही.

तो सरळ शेवंतीकाकीकडे गेला. कुणी सुचवले होते की त्याला स्वतःलाच सुचले, हे मला माहीत नाही. स्वतःला सुचले असेल, हे मानायला मला आजही जड जाते. सवयीने तो तिच्या शेजारी टेकायला गेला.

"पुढ्यात बस रे," ती म्हणाली. "बाजूक बसलंस काय तोंड दिसना नाय. तोंड दिसल्याशिवाय माणूस काय इचारता, ता कळतला कसा?"

तो मासळीचा क्रेट पालथा घालून तिच्या समोर बसला. पॅण्ट खालच्या पाण्यात भिजली. घड्याळ हातातच होते.

"काकी, बाबल कुठे गेला असेल?"

"आता इचारलंस ता बरा केलंस," ती म्हणाली. "गेलेल्याचा इचारला तर चलता. जातल्याक इचारूचा नाय."

मग तिने सांगितले. रोज तीन लाद्या बर्फ नेणाऱ्या बाबलने आज सहा नेल्या होत्या. जाळे सुरमईचे होते, म्हणजे खोल पाणी. पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन. आणि भाकरी नव्हती, पाव होते. "भाकरी नेता तेवा धा वाजता परत. पाव नेल्यान म्हणजे लांब. अकरा ता तुमच्यासाठी लिवल्यान." तिने वाऱ्याकडे तोंड केले. "निवतीच्या बत्तीच्या भायेर गेलो आसतलो. मशीन बंद पडला आसात, तर ह्यो वारो तेका वेंगुर्ल्याकडे व्हरतलो."

"हे तुम्ही त्यांना विचारता?"

"इचारूक नाय कधी. बघतंय."

त्याने हे सगळे डायरीत उतरवून घेतले. माझी चिंता ज्या पानावर नोंदवली होती, त्याच्या पुढच्या पानांवर. मग साहेबांना फोन लावला आणि निवतीच्या दीपगृहाच्या बाहेरून वेंगुर्ल्याच्या दिशेने शोधा, असे सांगितले. पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी.

"माहितीचा स्रोत?" तो म्हणाला. "बर्फ."

आमच्या दोन होड्या त्याआधीच सुटल्या होत्या. शेवंतीकाकीचे बोलणे संपायच्या आत.

साडेपाचला त्या परतल्या, मागे बाबलच्या होडीला दोर बांधून. इंजिन बंद पडलेले, तिघेही धड. बाबल उतरला. बायकोने त्याच्याकडे पाहिले आणि ती घरी चालू लागली. बाबल माझ्याकडे वळला, "बर्फ सगळो पाणी झालो," म्हणाला. मग त्याला तो दिसला.

"सायबांनू," बाबल म्हणाला, "मी बरोबर लिवलंय हां. दर्यातच होतंय."

घोळक्याला कोंडलेले हसू फुटले. तो मात्र लिलावाच्या शेडमागे निघून गेला. बराच वेळ आला नाही. लॅपटॉपची पिशवी राहिली होती म्हणून ती द्यायला मी मागे गेलो आणि तसाच परत फिरलो. तो काय करत होता, ते मी पाहिले. लिहिणार नाही.

पुढच्या सोमवारी खात्याच्या साहेबांबरोबर बैठक होती, पडद्यावरची. पडद्यातल्या माणसाच्या शेजारी खुर्ची ओढता येत नाही. तो समोर बसला. मी त्याच्या मागे उभा होतो.

"कुठे जाणार हा प्रश्न मी काढतो आहे," तो म्हणाला.

साहेब म्हणाले, प्रश्न वरून आलेल्या नमुन्यात आहे, काढता येणार नाही. तांडेलांना प्रशिक्षण द्या.

"नाही," तो म्हणाला.

दोन वर्षांत हा शब्द मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकला. त्याला तो नीट उच्चारताही आला नाही. थोडा मोठ्याने आला.

"चूक माझी आहे," तो पुढे म्हणाला. "ही प्रथा मला लहानपणापासून ठाऊक होती. शिवाय आमच्या परीक्षकांनी मला आधीच सावध केलं होतं. माझ्या डायरीत त्याची नोंद आहे." आणि त्याने वळून माझे नाव घेतले.

साहेबांनी पडद्यातून माझ्याकडे आदराने पाहिले. मी कॉलर नीट केली. त्याने माझा आक्षेप सांगितला, त्याची किंमत सांगितली नाही. बुधवार-शुक्रवारचा उल्लेख तेव्हा केला नाही, नंतरही कधी केला नाही. हे मी त्याला अजून माफ केलेले नाही.

दोन तास वाटाघाटी झाल्या. वर्गात शिकवलेले त्याने त्यात काहीही वापरले नाही, आणि त्यामुळे असेल, थोडेफार मिळाले. नोंदीत तीन नवे रकाने आले: बर्फ किती, जाळे कुठले, पाणी किती. ते तांडेलाने भरायचे नाहीत. बर्फ देताना शेवंतीकाकीने पाहून भरायचे. साहेब म्हणाले, त्या बाईंचे पदनाम काय लिहू?

"आर्किटेक्ट लिहा," तो म्हणाला.

साहेबांनी बर्फविक्रेती लिहिले. पण आर्किटेक्ट लिहा म्हणणारा तो माणूस मला क्षणभर आवडला होता, हे कबूल करतो. पुढे त्याने हे वाक्य तीन ठिकाणी व्याख्यानांत वापरले. त्यांतल्या एकाची चित्रफीत मी पाहिली. वाक्यानंतर तो सात आकडे थांबतो. टाळ्या सहाव्याला येतात.

पावसाळ्याआधी त्याला मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीने बोलावले. जायच्या दिवशी तो गाडी घेऊन जेटीवर आला. कुणी त्याला खंय जाणार म्हणून विचारले नाही. बाबलने सुकी सुरमई कागदात बांधून दिली. शेवंतीकाकी नव्या छपराखाली बसली होती. तो तिच्या समोर जाऊन उभा राहिला.

"येतंय हां, काकी," तो म्हणाला.

इथल्या सगळ्या मुक्कामात तो आमच्या बोलीत पहिल्यांदा बोलला. हेल बरोबर होता. इतकी वर्षे कुठे ठेवला होता, कुणास ठाऊक.

"ये," ती म्हणाली.

गाडी वळणाआड होईपर्यंत ती पाहत होती. मग पेटीवरचे गोणपाट सारखे करत म्हणाली, "मागच्या शीटीर कुकर होतो. गादी होती. देवाचो फोटोव घेतल्यान. लांब गेलो. येवचो नाय."

ती चुकत नाही. तो आला नाही.

त्याची खुर्ची कचेरीत अजून आहे. एक चाक निखळल्यामुळे ती आता कुणाच्या शेजारी नेता येत नाही. शुक्रवारचा वर्ग बंद झाला. एसी चालू आहे. आणि प्रश्नाचेही सांगायला हवे, कारण त्या दोन तासांच्या वाटाघाटींचा तो मुख्य मुद्दा होता. खात्याचा मान राहावा म्हणून कुठे जाणार हा प्रश्न नमुन्यात कायम ठेवला आहे. तांडेलांचा मान राहावा म्हणून त्याचे उत्तर आधीच छापून येते, कुणाला भरावे लागत नाही. त्यामुळे खात्याच्या अधिकृत नोंदीप्रमाणे गेल्या हंगामात आमच्या किनाऱ्यावरून सुटलेली प्रत्येक होडी दर्यात गेली होती.